घाट्यापाशी आलेली कानबाई

बायकांच्या आरोग्यावरचं पुस्तक आमच्या लोणखेड्यात फक्त मी वाचलेलं होतं. त्यामुळे आईला काय होतंय, हे गावात एकटी मीच जाणत होते. पाळी जायच्या वयात अंगातून अशा वाफा उठतात. आई भर पौषात गार पाण्यात पाय घालून बसायची. म्हणायची, "मन्हा आंगमा चुल्हा पेटेल शे."

"माय, हाऊ आजार नही. वय शे. निंघी जाई," मी सांगितलं. तिला इतकं बरं वाटलं, की सगळ्या आळीलाच शहाणं करायचं मी ठरवलं.

चैत्रात बिबड्यांचा, ज्वारीच्या पापडांचा, दिवस आला. आळीभरच्या ज्वारीचा घाटा आमच्या अंगणात एकाच हंड्यात रटरटत होता. घाटा हलवायचा लाकडी चाटू आईच्या हातात, म्हणजे सगळ्यांचे वर्षाचे पापड तिच्या हातात. आणि तेवढ्यात वाफ उठली. आई लालबुंद झाली, केस सुटले, तिने घागर उचलून डोक्यावर ओतली.

"कानबाई उनी व!" शेजारची शोभाबाई ओरडली.

श्रावणात अंगात येणारी देवी कानबाई चैत्रात कशी, हे कुणी विचारलं नाही. आईला पाटावर बसवलं, मळवट भरला. घाटा बेवारस.

"माय, मन्हा भटूले नवरी कोठली भेटी?" शोभाबाईने लगेच विचारलं.

"दूर सरका व, वारा लागू द्या," आई म्हणाली.

"वारा नवापूरकडथीन येस. तठलीच पोर करसूत!"

आता माझी वेळ होती. मी पुढे झाले. "कानबाई नही ती. मायनी पाळी..."

सगळे हात थबकले. पाळीतल्या बाईने हलवलेला घाटा म्हणजे आळीभरची ज्वारी ढोरांपुढे. आईने माझ्याकडे असं पाहिलं, की पुस्तक मिटलंच.

"काय म्हनी तू?" शोभाबाई.

"काही नही. कापूर आना."

"घाटा खाले लागी ऱ्हायना," आई पाटावरून गरजली. "हालावा!"

देवीची आज्ञा. सगळ्या जणी चाटूवर तुटून पडल्या. त्या वर्षीच्या करपट बिबड्या आळीने प्रसाद म्हणून खाल्ल्या. भटूची बायको नवापूरकडचीच आली.

आई यंदा गेली. चाटू माझ्याकडे आला, वाफाही आल्या. परवा घाट्यापाशी मी तांब्या डोक्यावर ओतला. बायका धावल्या. खरं सांगते, मी केसही थोडे सोडले.

म्हाताऱ्या शोभाबाईने मला निरखून पाहिलं.

"काही नही व. वय शे. निंघी जाई," ती बायकांना म्हणाली. "तिनी मायनीच सांगेल शे मले."


मग माझ्याकडे वळून, "चाटू धर. घाटा लागी ऱ्हायना."