परुळेकरकाकांचा नीलम

आमच्या बिल्डिंगमध्ये कोणाच्याही घरी जा, आधी पाणी विचारतात. भाईंदरमध्ये पाणी विचारायला केवढं मोठं मन लागतं, ते टँकरमागे बादली घेऊन धावलेल्यालाच कळेल. पण वरच्या मजल्यावर परुळेकरकाकांकडे गेलात तर पाण्याच्या आधी मशीन. दारातच हात वर करायला लावायचे आणि मेटल डिटेक्टरचं ते काळं दांडकं अंगावरून फिरवायचे. पट्ट्याच्या बकलापाशी आलं की पींऽऽऽ!

"सिग्नल आहे!"

"पट्टा आहे, काका."

"पट्टा असं तू म्हणतोस. मशीन खोटं बोलत नाही, माणूस बोलतो."

हे वाक्य मी त्यांच्या नाकातल्या आवाजासकट गच्चीवर करून दाखवायचो. माझ्या सगळ्या नकलांत जास्त हशा त्यालाच.

काका फोर्टातल्या एका ऑफिसात सिक्युरिटी सुपरवायझर होते. रिटायर होताना लोक घड्याळ आणतात, यांनी ऑफिसचं जुनं मशीन मागून आणलं. काकू होत्या तोवर ते कपाटावर पडून होतं. काकू गेल्या आणि मशीन खाली आलं. मग काय, त्या दाराची बेल वाजणंच बंद झालं. दोन बिस्किटांसाठी चेकिंग कोण करून घेणार? पेपरवालासुद्धा जिन्यातूनच पेपर भिरकावून पळायचा.

रविवारी काका त्याच मशीनला झाडूचा दांडा बांधून उत्तनच्या किनाऱ्यावर वाळू तपासायला जायचे. मिळायचं काय? बाटल्यांची झाकणं, गंजलेले गळ, एकदा तर कुकरची शिट्टी. सगळं धुऊनपुसून शोकेसमध्ये. पण एका रविवारी काका जिना चढत आले ते मूठ बंद करूनच. उघडली, तर आत चांदीची काळवंडलेली अंगठी आणि मधे निळाशार खडा.

मोरव्याची कोळीण जनाबाई जिन्यातच आईला बोंबील देत बसली होती. तिनं पाटी झटकन मागे ओढली. "अगो बाय! काका, ही कुनीतरी उतरवलेली हाय. साडेसातीवाल्यानं पान्यात सोडली असंल. घरात न्हाय ठेवायची!"

साडेसाती म्हटल्यावर खडा नीलमच असणार, हे बिल्डिंगनं परस्पर ठरवून टाकलं. तळमजल्यावरचे शहाभाई तर स्वतः जिना चढून आले. "काका, नीलम का ट्रायल लेना पडता है. रात को तकिये के नीचे रखने का. अच्छा सपना आया तो फलेगा, खराब आया तो वापस."

काकांनी मान हलवली. "एका माणसाच्या स्वप्नावर माझा विश्वास नाही. प्रत्येक घरात एकेक रात्र. सकाळी येऊन मला रिपोर्ट द्यायचा. समक्ष!"

पहिला रिपोर्ट शहाभाईंचाच. "सासू आई थी. बैठ गई. गई ही नहीं." अशुभ. आमच्या आईच्या स्वप्नात नंबर न लावता गॅस सिलिंडर आला. शुभ. मग अंगठी गेली सेक्रेटरी घागांच्या उशीखाली. त्यांना स्वप्नात नळाला धो धो पाणी दिसलं आणि सकाळी नळाला खरंच अर्धा तास जास्त पाणी आलं! झालं. जी माणसं अंगठीला घाबरत होती, तीच आता "आमचा नंबर कधी?" म्हणून वर धावायला लागली.

काकांची बेल सकाळी चहाच्या आधीच वाजायला लागली. काका एकेकाला खोदून खोदून विचारायचे, "सिलिंडर आला, बरं. मग? कोणी आणला? नीट आठवा. घाई काय आहे, बसा ना." हॉलमध्ये जास्तीच्या खुर्च्या आल्या. डब्यात चकल्या आल्या. आणि मशीन कधी परत कपाटावर गेलं, कोणाच्या लक्षातही आलं नाही.

पण घाग पडले सेक्रेटरी. एका रविवारी काकांच्याच हॉलमध्ये उभे राहून म्हणाले, "आता निकाल लावू या. खरा नीलम निघाला तर सोसायटीच्या टाकीत टाकू, पाणी तरी येईल. काच निघाली तर कचऱ्यात. पक्या, जा, सोनाराला दाखवून आण."

"अजून बरेच रिपोर्ट यायचेत," काका पुटपुटले. कोणी ऐकलं नाही. अंगठी माझ्या हातात देताना त्यांनी ती नीट रुमालात गुंडाळली. "शेठला म्हणावं, घाई करू नका."

स्टेशनजवळच्या शेठनं डोळ्याला भिंग लावलं न लावलं तोच अंगठी परत सरकवली. "काच है. काका को तो मैंने कब का बता दिया."

"काकांना माहितीये?"

"हाँ. मैंने बोला, फेंक दो. तो इधर-उधर देख के बोले, शेठ, धीरे बोलो."

नवघर रोडनं परत येताना मला सारख्या त्या खुर्च्या दिसत होत्या. टाकी काय, कचरा काय, बेल दोन्हीकडून बंदच होणार होती.

अख्खी बिल्डिंग हॉलमध्ये माझी वाट बघत बसली होती. काका स्वयंपाकघराच्या दारात, हातात चहाचं पातेलं. सगळे माझ्याकडे बघत होते, काका चहाकडे.

मी पोट पुढे काढलं. डोळ्याला नसलेलं भिंग लावलं. आणि शेठचा आवाज काढला, "देखो भाई, ये नीलम का बच्चा है. अभी पका नहीं. घर-घर में और सोएगा, तब बोलेगा!"

"आणि टाकीत टाकला तर?" घागांनी विचारलं.

"पानी में डाला तो खलास!"

शहाभाईंनी जाणकारासारखी मान डोलावली. "बराबर. कच्चा नीलम आता है मार्केट में." घाग खाली बसले. मागून कोणीतरी ओरडलं, "मग आज आमच्याकडे!"

काकांनी पहिल्यांदाच वर बघितलं. सरळ माझ्याकडे.

"मशीन खोटं बोलत नाही," ते हळूच म्हणाले. "माणूस..."

मग त्यांनी चहा गाळायला घेतला, आणि माझ्या कपात साखर दोनदा घातली.