सासरेबुवांचं वाक्य आणि आमचा शॉवर

त्या दिवशी मी रजिस्टर आणायला शिपायाला पाठवलं असतं, तर पुढचं रामायण घडलंच नसतं. पण शिपाई चहाला गेला होता आणि मी म्हटलं, चला, आपणच जाऊन येऊ, तेवढेच पाय मोकळे होतील. (कारकुनानं बसल्या जागेवरून उठू नये, हे तत्त्व मी पाणीपुरवठा खात्यात बावीस वर्षं पाळत आलोय. एकदाच मोडलं.) रविवार होता. तुंबलेल्या कामासाठी साहेबांनी आम्हाला सुटीच्या दिवशी बोलावलं होतं आणि स्वतः सुटीवर होते.

पंपहाऊसच्या दाराशी पोचलो, तर आतून एका बाईच्या रडण्याचा आवाज येत होता. मी घाबरत घाबरत डोकावलो. आमचा पंपवाला स्टुलावर डोळे मिटून बसला होता.

"कोण रडतंय?" मी विचारलं.

"थोरली सून."

"तुमची?"

"नाटकातली. गप्प बसा साहेब, आता दार वाजणार आहे."

आणि खरंच दार वाजलं. तेव्हा कुठे मला स्विचबोर्डावर ठेवलेला रेडिओ दिसला. थोरल्या सुनेचं निस्तरल्यावर पंपवाल्यानं डोळे उघडले आणि मला शहाणं केलं. मीडियम वेव्हवर दर रविवारी चार ते पाच जुनी नाटकं लागतात, चाळीस-पन्नास वर्षांपूर्वीची.

"अजून लागतात?" मी म्हटलं. "मला वाटलं, कधीच बंद झाली."

"त्यांनी नाही बंद केलं. ऐकणाऱ्यांनी केलं," तो म्हणाला. "पत्र पाठवलं तर मागणीचंसुद्धा लावतात. पण मागणी करतंय कोण? मीच करतो, दर महिन्याला नाव बदलून."

मी रजिस्टर तिथेच विसरलो आणि घरी आलो. कारण माझ्या डोक्यात सासरेबुवा शिरले होते.

सासरेबुवांचं सांगायला हवं. ते तरुणपणी एका रेडिओ नाटकात होते. "अख्खं नाटक माझ्याभोवती फिरतं, जावईबापू," हे मी लग्नाच्या आधीपासून ऐकतोय. ज्या संध्याकाळी ते नाटक लागलं, नेमक्या त्याच संध्याकाळी आमच्या बायकोनं जन्म घ्यायचं ठरवलं. सासरेबुवा दवाखान्याच्या व्हरांड्यात येरझाऱ्या घालत राहिले आणि नाटक हवेत विरून गेलं. पुन्हा काही ते लागलं नाही. चाळीस वर्षं झाली, त्यांनी स्वतःचा आवाज ऐकलेला नाही. नाटकातलं त्यांचं शेवटचं वाक्य मात्र घरातल्या पोराबाळांना पाठ आहे: "सगळे आलात ना? मग आता कुणी बोलू नका. मला नुसतं तुम्हाला बघू दे." बारसं असो, साखरपुडा असो, चार माणसं जमली की ते हे म्हणतात. माझ्या लग्नात त्यांनी ते फोटोग्राफरला म्हटलं होतं आणि तो बिचारा खरोखरच फोटो काढायचा थांबला होता.

मी लगेच पत्र लिहिलं. आता आमच्या खात्याची एक रीत आहे. पहिल्या अर्जाला आमच्याकडे कुणी अर्ज मानत नाही. अर्ज म्हणजे स्मरणपत्र येईपर्यंत टाचणी लावून ठेवायचा कागद. तेव्हा आठव्या दिवशी मी सवयीनं 'उपरोक्त विषयास अनुसरून' एक स्मरणपत्रही धाडून दिलं, सहीशिक्क्यासह.

आणि उत्तर आलं. पुढच्या महिन्याच्या पहिल्या रविवारी, चार वाजता. मी ते कार्ड सासरेबुवांच्या हातात ठेवलं. त्यांनी ते तीनदा वाचलं, चष्मा पुसला, पुन्हा वाचलं आणि काहीच बोलले नाहीत. सासूबाई म्हणाल्या, "आज पहिल्यांदा हे गप्प बसलेत, कुणी काही न सांगता." मला अगदी भरून आलं. सुखासुखी कुणाचं तरी भलं करण्याची माझी ही पहिलीच वेळ होती आणि ती निभावेल असं मला प्रामाणिकपणे वाटलं.

रेडिओ मिळाला मोबाईल दुरुस्तीवाल्याकडे. त्याच्या वडिलांचा होता, पोटमाळ्यावर पडलेला. त्या रविवारी सकाळपासून मी तो घेऊन घरभर फिरलो. हॉलमध्ये नुसती खरखर. स्वयंपाकघरात खरखर आणि शेजाऱ्यांचा मिक्सर. शेवटी कपडे वाळत घालायची तार सोडवून मी रेडिओच्या एरियलला जोडली, दुसरं टोक पॅसेजमधून ओढत बाथरूममध्ये नेलं आणि सहज आधाराला म्हणून दुसऱ्या हातानं शॉवरचा पाइप धरला. हॉलमधून बायको ओरडली, "आलं, आलं. स्वच्छ आलं. काय केलंत?"

"काही नाही, पाइप धरला."

"मग सोडू नका."

सोडून पाहिला. खरखर. पुन्हा धरला. बातम्या. थोडक्यात, एरियल म्हणजे मी होतो. घरात माझ्यामुळे काहीतरी चालतं, हे प्रथमच सिद्ध होत होतं, त्यामुळे मी फारशी कुरकुर केली नाही. फक्त शॉवरला पाणी आहे का ते चावी फिरवून पाहिलं. थेंब नव्हता. चावी तशीच राहिली.

चार वाजता हॉलमध्ये सासरेबुवा इस्त्रीचा सदरा घालून बसले. शेजारी सासूबाई, पलीकडे बायको. आणि मी बाथरूममध्ये, पाटावर उभा, एका हातात तार, दुसऱ्या हातात पाइप. बाथरूममधून नाटकातलं बोलणं धड कळत नव्हतं. बायको पॅसेजच्या तोंडाशी येऊन मला हालहवाल कळवत होती.

"सुरू झालं."

"बाबा आले का?"

"आलेत. खोकतायत."

दहा मिनिटांनी मी पुन्हा विचारलं, "आता?"

"अजून खोकतायत."

साडेचार वाजले, तरी सासरेबुवा खोकतच होते. हळूहळू उलगडा झाला. नाटक एका अंथरुणाला खिळलेल्या म्हाताऱ्याचं होतं. गावोगावचे नातेवाईक जमतात, भांडतात, रडतात, आणि म्हातारा आतल्या खोलीत खोकतो. अख्खं नाटक त्याच्याभोवती फिरत होतं, यात काडीचं खोटं नव्हतं. बोलणं मात्र त्याला एकच होतं, अगदी शेवटी.

"अहो, आता नीट धरा," बायको म्हणाली. "सगळे त्याच्या खोलीत आलेत. आता बाबांचं वाक्य."

मी पाइप आणखी घट्ट आवळला. हात दुखत होते, पायाला मुंग्या आल्या होत्या, पण जीव गेला तरी पाइप सोडायचा नाही असं मी ठरवलं होतं. आणि त्याच क्षणी पाइपात काहीतरी घुरघुरलं.

इथे एक कबुली द्यायला हवी. 'जलवाहिनीच्या कामामुळे या महिन्यातील दर रविवारी पाणी सकाळऐवजी दुपारी पावणेपाच वाजता सोडण्यात येईल, नागरिकांनी नोंद घ्यावी,' असं परिपत्रक चारच दिवसांपूर्वी निघालं होतं. ते मीच टाइप केलं होतं. (जो परिपत्रक टाइप करतो तो ते वाचत नाही. वाचणारे वेगळे असतात. तेही वाचत नाहीत.) आमच्या इमारतीला टाकी नाही, थेट नळाला पाणी येतं. आणि शॉवरची चावी मी सकाळीच उघडी ठेवली होती.

पाणी आलं ते गंजासकट, हवेसकट, थेट माझ्या टाळक्यावर. मी किंचाळलो, पाटावरून घसरलो आणि दोन्ही हात सुटले. हॉलमध्ये खरखर झाली. मी चाचपडत तार शोधली, पाइप शोधला, धरला. तेव्हा एक बाई सांगत होती, आपण नाटक ऐकलंत.

मी निथळत हॉलच्या दाराशी उभा राहिलो. कुणी माझ्याकडे बघेना. सासूबाई पदराशी चाळा करत होत्या. बायकोच्या डोळ्यांत पाणी होतं आणि ते माझ्यावरच्या रागाचं होतं, हे मला लांबूनही कळलं. चाळीस वर्षांनी आलेलं वाक्य मी घालवलं होतं. मेल्याहून मेल्यासारखं म्हणतात ते काय असतं, ते मला त्या दिवशी समजलं.

"बाबा, चुकलो," मी म्हटलं.

सासरेबुवा सावकाश उठले. मला वाटलं, आता काठी येते. पण ते हॉलच्या मध्यावर उभे राहिले, एकदा खोकले आणि म्हणाले, "सगळे आलात ना? मग आता कुणी बोलू नका. मला नुसतं तुम्हाला बघू दे."

शंभरदा ऐकलेलं वाक्य. पण त्या दिवशी ते त्यांनी असं काही म्हटलं की सासूबाईंना हुंदका आला. मग ते माझा हात धरून मला पॅसेजमध्ये घेऊन गेले.

"जावईबापू, तुम्ही माझी लाज राखलीत."

"मी?"

"रेकॉर्डिंगनंतर दिग्दर्शक म्हणाला होता, नाटक लांबतंय, शेवटचं वाक्य कापावं लागेल बहुतेक. कापलं की ठेवलं, मला कुणी कधी सांगितलं नाही. चाळीस वर्षं मी ते लोकांना ऐकवतोय आणि मनात धाकधूक. आज साडेचारनंतर माझं काळीज नुसतं धडधडत होतं. कापलेलं निघालं असतं, तर तुमच्या सासूबाईंपुढे मी नुसता खोकणारा ठरलो असतो. तुम्ही हात सोडलात, फार बरं केलंत."

मी ओल्या बनियनमध्ये ताठ उभा राहिलो. एवढं कौतुक माझ्या वाट्याला कधी आलं नव्हतं. ते मी चार दिवस पुरवून पुरवून खाल्लं.

पाचव्या दिवशी दुसरं कार्ड आलं. 'आपल्या स्मरणपत्रास अनुसरून, दुसऱ्यांदा मागणी आल्यामुळे सदर नाटक येत्या रविवारी पुन्हा प्रसारित करण्यात येईल.' माझी रीत मलाच भोवली. आणि कार्ड बायकोच्या हाती लागलं. ती हरखली. "बाबा, या वेळी मी ह्यांना पाइपाला बांधून ठेवते," असं तिनं फोनवरच जाहीर केलं. संध्याकाळी सासरेबुवांचा मला वेगळा फोन आला. आवाज अगदी बारीक.

"जावईबापू, या रविवारीही पाणी पावणेपाचलाच ना?"

"परिपत्रक आहे, बाबा."

"मग चावी उघडी ठेवा."

रविवारी मी रेनकोट घालून बाथरूममध्ये उभा राहिलो. बायकोला सांगितलं, खबरदारी म्हणून. शॉवर पूर्ण उघडा ठेवला. साडेचार वाजले, सासरेबुवा ठरल्याप्रमाणे खोकत होते. पावणेपाच झाले. मी डोळे मिटले आणि पाण्याची वाट बघितली. पाइप मख्ख. चार सत्तेचाळीस. मी पाइप हलवला, त्यावर टिचक्या मारल्या. हात आपणहून सोडून द्यावा, तर बायको पॅसेजच्या तोंडाशी खुर्ची टाकून माझ्याकडेच बघत बसली होती. रेनकोटात मला दरदरून घाम फुटला. सासरेबुवांची चाळीस वर्षांची अब्रू माझ्या मुठीत होती आणि मला ती मूठ सोडता येत नव्हती.

हॉलमध्ये एकदम शांत झालं. मग बायको तोंडावर हात ठेवून उठली आणि हॉलमध्ये धावली. बराच वेळ काहीच कळेना. मग सासूबाईंचं रडणं ऐकू आलं, मग हसणं, मग दोन्ही.

थोड्या वेळानं सासरेबुवा तोंड धुवायला बाथरूममध्ये आले. डोळे लाल, चेहरा लहान मुलासारखा.

"होतं," ते म्हणाले. "वाक्य होतं, जावईबापू. सगळंच्या सगळं. काय आवाज होता हो माझा." त्यांनी नळाखाली हात धरला, नळ कोरडा ठणठणीत. तेव्हा कुठे त्यांना आमचा बेत आठवला. "पाणी का नाही आलं?"

मी बायकोला हाक मारून पंपवाल्याला फोन लावायला सांगितला. (माझे हात अजून तार आणि पाइपात होते.) बायकोनं फोन स्पीकरवर टाकून माझ्या तोंडापुढे धरला.

"साहेब, माफ करा," पंपवाला म्हणाला. "मागच्या रविवारी व्हॉल्व्ह फिरवायला उठलो आणि त्या म्हाताऱ्याचं शेवटचं वाक्य हुकलं. आठवडाभर चैन पडलं नाही. म्हटलं, आज नाटक आधी, पाणी मागून. आता जातोच फिरवायला."

सासरेबुवांनी ते ऐकलं आणि माझ्या खांद्यावर हात ठेवला. "जावईबापू, मी आजवर तुमच्या खात्याला नाही नाही ते बोललो," ते गहिवरून म्हणाले. "सगळं मागे घेतो. तुमच्यासारखी माणसं वेळेवर काम करत नाहीत म्हणून आज मला माझा आवाज ऐकायला मिळाला."

आयुष्यात सासऱ्यांनी खात्याची आणि माझी एकत्र स्तुती केली ती ही एवढीच. ते हॉलमध्ये गेले. लगेच तिकडून खोकल्याचा आवाज आला आणि पाठोपाठ, "सगळे आलात ना?"

"अहो," बायको म्हणाली, "नाटक संपून वीस मिनिटं झाली. अजून काय धरून उभे आहात? आणि तो रेनकोट काढा आधी, घामानं आंबून गेलाय."

मी तार सोडली, पाइप सोडला आणि हायसं होऊन रेनकोट काढून खुंटीला लावला.

तेवढ्यात पाइप घुरघुरला.