खडकवाडीचा खड्डा

खडकवाडीत कचरा नाही, ही गोष्ट शासनाच्या लक्षात यायला अडतीस वर्षं लागली. लक्षात आली तेव्हा गावचा ग्रामसेवक मी होतो, त्यामुळे खुलासाही मलाच द्यावा लागला.

यंदाचा, म्हणजे १९८६ चा एप्रिल. सलग दुसऱ्या वर्षी पावसानं पाठ फिरवलेली. गावचा आड संक्रांतीलाच आटला होता आणि बायका दीड कोसावरच्या ओढ्यात वाळू उकरून, झऱ्याचं पाणी वाटीवाटीनं घागरीत भरत होत्या. अशा वेळी वरच्या कार्यालयातून 'कचऱ्यातून समृद्धी' पंधरवड्याचं परिपत्रक आलं. प्रत्येक गावानं दहा फूट लांब, सहा फूट रुंद, तीन फूट खोल खड्डा खोदावा. तो घरगुती कचऱ्यानं काठोकाठ भरावा. पंधरवड्याच्या अखेरीस मोजमाप होईल आणि तालुक्यात पहिल्या येणाऱ्या गावाला एक हापसा मिळेल. कचऱ्याच्या बक्षिसात पाण्याचा हापसा का, असा प्रश्न मला पडला होता. पण सरकारी नोकरीत पडलेले प्रश्न उचलायचे नसतात.

खड्डा एका सकाळीत तयार झाला. दुष्काळानं गावाला खड्डे खोदायची सवय लावलेलीच होती. अडचण पुढं आली.

खड्ड्याला सगळ्यात जवळचं घर केशरबाईचं. साठीची विधवा बाई. मुलगा कामाच्या शोधात हैदराबादकडं गेलेला, घरात सून अयोध्या, तिला आठवा महिना. मी वही उघडून दारात उभा राहिलो.

"मावशी, घरात कचरा आहे का?"

"कुनाला पायजे?"

"शासनाला."

तिनं सारवायचं थांबवलं. "येवढी येळ आली व्हय त्येंच्यावर?" असं म्हणून तिनं आधी मला बसायला पोतं अंथरलं. गरजू माणसाच्या दूताला करावा तसा तिनं माझा पाहुणचार केला.

मी परिपत्रकातली यादी वाचायला लागलो. "राख?"

"भांडी कशानं घासू मग?"

"शेण, पालापाचोळा?"

तिनं ओल्या भुईकडं बोट दाखवलं, मग भिंतीवरच्या गोवऱ्यांकडं, मग शेळीकडं.

"फाटकी लुगडी?"

"वाकळंत."

"वाकळ फाटल्यावर?"

"डोक्यावर घागरीखाली चुंबळ."

"चुंबळ झिजल्यावर?"

"बोळा करून गाडग्याच्या तोंडाला."

"तो बोळा कुजल्यावर?"

"चुलीत."

"आणि त्याची राख?"

केशरबाईनं माझ्याकडं कीव आल्यासारखं पाहिलं. "भाऊसाहेब, राखंचं म्या पयल्यांदाच सांगितलं की."

कंगव्यात निघालेले केससुद्धा तिच्याकडं शिल्लक नव्हते. सुया-दाभणं विकणारी बाई महिन्याला येऊन केसांवर सुई देऊन जात होती. तीन दिवसांत मी सत्तेचाळीस घरं पालथी घातली. सगळ्या गावात मिळून एक गंजकं ब्लेड जमा झालं. ते माझंच होतं.

मी नियमाप्रमाणं लेखी कळवलं: 'सदर गावी कचरा आढळून येत नाही.' उत्तर चौथ्या दिवशी आलं. एवढ्या तातडीनं आलेलं उत्तर मी नोकरीत तोवर पाहिलं नव्हतं. 'जेथे मनुष्यवस्ती आहे तेथे कचरा असतोच. कचरा नसल्यास सदर गावी मनुष्यवस्ती आहे किंवा कसे, याचा खुलासा तीन दिवसांत करावा. तोपर्यंत गावाची टँकरची मागणी विचाराधीन ठेवण्यात येत आहे.'

सरपंच आबारावांनी कागद दोनदा वाचायला लावला. आबाराव शांत माणूस. रागावले की डोक्यावरचा पटका काढून मांडीवर ठेवतात. त्यांनी पटका काढला.

"म्हंजे आमी हाव का न्हाय, ह्ये आता उकिरड्यावरनं ठरनार?"

"तसंच दिसतंय."

"मग जुपा गाडी."

कचरा नळदुर्गात मिळतो, हे त्यांना ठाऊक होतं. सोलापूर-हैदराबाद रस्त्यावर शिवलिंग नावाच्या माणसाचा ढाबा होता. त्याच्या मागं दहा वर्षांचं वैभव साचलेलं होतं. शिवलिंगला आम्ही हात जोडून कारण सांगितलं. तो बिचारा गहिवरला. "न्या की! उद्याबी या, परवाबी या. आजपातूर कुणी मागितलाच न्हाई बगा." तेलाचे डबे, टायरचे तुकडे, फाटकी ताडपत्री, फळांची मोडकी खोकी, बाटल्या, फुटक्या कपबशा, गोणपाट अशा तीन गाड्या भरून आम्ही परतलो. खड्डा दोन फूट भरला. आबारावांनी पटका पुन्हा बांधला.

दुसऱ्या दिवशी दुपारी बघतो तर खड्ड्यात फक्त सावली.

तपासाला फार लांब जावं लागलं नाही. टायरच्या वहाणा चौघांच्या पायांत होत्या. ताडपत्री गोठ्यावर चढली होती, डब्यांना कड्या लागून ते पाण्याला निघाले होते, बाटल्यांच्या रॉकेलच्या चिमण्या झाल्या होत्या. खोक्यांच्या फळ्यांचा अयोध्येसाठी पाळणा तयार होत होता, आणि केशरबाई भिंतीच्या ओल्या मातीत कपबशांचे तुकडे बसवून वेलबुट्टी काढत होती.

"मावशी, हा शासनाचा कचरा होता!"

"मग टाकला कशापायी? चांगला होता की."

दुसऱ्या खेपेला ढाब्यावरून उष्ट्या पत्रावळी आणि पुठ्ठे आणले आणि बिराप्पा धनगराला राखणीला बसवलं. बिराप्पानं माणसाला म्हणून जवळ फिरकू दिलं नाही. त्या खेपेचा कचरा त्याच्या शेळ्यांनी खाल्ला.

मुदत संपायला पाच दिवस उरले आणि ओढ्यावरून येताना अयोध्या ठेचकाळली. घागर फुटली, पोरगी कशीबशी सावरली, पण घरी येऊन उंबऱ्यात बसली ती पोटाला हात धरून. केशरबाई तिच्या पाठीवरून हात फिरवत राहिली. घागरीची खापरंही आणायला कुणी गेलं नाही, यावरून मला प्रसंगाचं गांभीर्य कळलं.

त्याच संध्याकाळी आबारावांनी गाव गोळा केलं. "हापसा पायजे आसंल तर दर घरानं आपलं काईतरी टाकायचं. मोडकं न्हाय तर धडकं. दुसरा मारग न्हाय."

टाकणं ही कला गावात कुणालाच येत नव्हती. लोक वस्तू घेऊन काठावर येत, वाकत आणि ती हळूच खाली ठेवत. मला प्रात्यक्षिक करून दाखवावं लागलं: हात मागं घ्यायचा, बोटं सैल सोडायची आणि बघायचं नाही. दोरखंडं पडली, केरसुण्या पडल्या, सुपं पडली. शेवटी केशरबाई आली. तिच्या हातात एक दुपटं होतं. नवऱ्याचं धोतर आणि स्वतःच्या लग्नातलं लुगडं जोडून, येणाऱ्या नातवंडासाठी तिनं ते दोन महिने शिवलं होतं. टाके इतके बारीक की मोजता येऊ नयेत.

"मावशी, हे नको."

"हापसा यील न्हवं?" तिनं विचारलं. "त्या वाटंनं माझी सून पुन्यांदा जानार न्हाय न्हवं?"

तिनं डोळे मिटले, हात मागं घेतला आणि बोटं सैल सोडली. माझ्या प्रात्यक्षिकाबरहुकूम.

मी कागदी माणूस आहे. मला जे करता आलं ते कागदावरच. मी खड्ड्यात उतरलो, दुपटं उचललं, आणि 'सदर वस्तू कचऱ्याच्या व्याख्येत बसत नाही' असा शेरा मारून ते अयोध्येला परत केलं. माझं इथंच चुकलं. असा शेरा असतो हे कळताच सगळ्या गावानं तो मागितला. सुपं, केरसुण्या, दोरखंडं सगळी शेऱ्यासकट घरोघर गेली. खड्डा पुन्हा रिकामा.

दरम्यान एक अकल्पित गोष्ट घडली होती. वरच्या कार्यालयातल्या कुणा लेखनिकानं माझं पत्र गंमत म्हणून एका शहरी साप्ताहिकाला धाडलं होतं. साप्ताहिकानं ते 'कचरा नसलेलं गाव' या मथळ्याखाली छापलं. वाचक भारावले. मुदत संपायच्या आदल्या रविवारी सकाळी फुफाटा उडवत दोन आरामगाड्या खडकवाडीत शिरल्या आणि त्यांतून बासष्ट वाचक उतरले.

त्यांचे पुढारी नानासाहेब म्हणून एक निवृत्त गृहस्थ होते. खादीचा झब्बा, डोळ्यांत पाणी. "सरपंच," ते आबारावांचे हात धरून म्हणाले, "आम्ही तिकडे वस्तूंच्या ढिगाखाली गुदमरलो आहोत हो. कसं जगायचं ते तुमच्याकडून शिकायला आलोय."

"या की," आबाराव म्हणाले. "पानी मातर बेतानं प्या."

पण वाचक समंजस होते. दुष्काळी गावावर भार नको म्हणून त्यांनी जेवण, पाणी, पेले, ताटल्या सगळं बरोबर आणलं होतं. 'निसर्गाकडे चला' असं लिहिलेलं, झाडाच्या आकाराचं बारा फुटी स्वागतद्वारही आणलं होतं. ते थर्माकोलचं होतं. त्यांनी घरं पाहिली, भिंतीवरची वेलबुट्टी पाहिली, वाकळीचे फोटो काढले. केशरबाईनं करून दिलेल्या भाकरीचा प्रत्येकानं एकेक घास प्रसादासारखा खाल्ला आणि मग ते आपल्या जेवणाकडं वळले. एक बाई केशरबाईच्या लुगड्याकडं बघून हरखली.

"अय्या, किती सुंदर ठिगळं! कुठे मिळतात हो ही?"

"फाटल्यावर," केशरबाई म्हणाली.

बाईनं ते वहीत लिहून घेतलं.

जेवणानंतर भाषणं झाली. चार वाजता सगळ्यांनी खड्ड्याच्या काठावर उभं राहून, उजवा हात पुढं करून, साध्या राहणीची शपथ घेतली. शपथ छापील होती आणि प्रत्येकाला तीन प्रती मिळाल्या. पाच वाजता गाड्या गेल्या. नानासाहेब खिडकीतून हात हलवत होते. त्यांचे डोळे अजून ओलेच होते.

फुफाटा खाली बसला तेव्हा गाव पांढरं दिसत होतं.

सवयीप्रमाणं बायका वेचायला निघाल्या. केशरबाईनं एक थर्माकोलची ताटली उचलली. तिच्यावर घागर ठेवून पाहिली, ताटली मोडली. शेळीपुढं धरली, शेळीनं मान फिरवली. सुई घालून पाहिली, भुसा पडला. शेवटी तुकडा चुलीत घातला, तर काळा धूर निघून अयोध्येला उलटी झाली. प्लॅस्टिकच्या पेल्यांत चहा ओतला; पेल्यांनी माना टाकल्या. शपथेच्या कागदाला मेणासारखी चकाकी होती, त्यामुळं तोही धड पेटेना.

केशरबाई बराच वेळ हातातल्या ताटलीकडं बघत राहिली. साठ वर्षांत तिच्या हाती आलेली ही पहिलीच गोष्ट होती, जिचं काहीच करता येत नव्हतं.

"भाऊसाहेब," ती हळूच म्हणाली, "ह्यो खरा कचरा."

दिवस मावळायच्या आत खड्डा भरला. स्वागतद्वाराचे तुकडे रचल्यावर वर चार बोटं शीग आली. राखण बसवावी लागली नाही.

मोजमापाला विस्तार अधिकारी वीरभद्र साहेब आले. त्यांचा चेहरा उतरलेला होता. तालुक्यातल्या बाकी सगळ्या गावांनी शेणकूट, पाचोळा आणि उष्टं-खरकटं टाकलं होतं. ते पंधरवड्यात कुजून दीड-दीड फूट खाली बसलं होतं आणि ती सगळी गावं मोजमापात बाद झाली होती. साहेबांनी आमच्या खड्ड्यावर टेप धरला, मग काठीनं दाबून पाहिलं. काठी वर आली.

"वा!" ते म्हणाले. "तसूभर खचला नाही."

"पण साहेब," मी प्रामाणिकपणे म्हणालो, "हा कुजणार नाही. याचं खत होणार नाही."

त्यांनी परिपत्रक काढून शेवटपर्यंत वाचलं. "भरण्याबाबत आहे. कुजण्याबाबत यात काही म्हटलेलं नाही. आणि टिकाऊपणाचे तुम्हाला जादा गुण देतो."

खडकवाडी तालुक्यात पहिली आली. मे अखेरीस यंत्र आलं, दोनशे दहा फुटांवर पाणी लागलं. अयोध्येला मुलगी झाली होती. बाराव्या दिवशीचं पाणी हापशाचंच. पोरगी दुपट्यात निजलेली आणि केशरबाई हापशाचा दांडा मारत होती. घागर भरून वाहायला लागली तरी तिला थांबवेना.

हापशावर पाटी लावायची होती. कुणाचं नाव घालायचं यावर गावात एकमत झालं. 'वाचकांच्या सौजन्याने.'

"पन वाचक म्हंजे काय करतेत वं?" केशरबाईनं मला विचारलं.

"छापलेलं वाचतात, मावशी. वाचलं की त्यांना पटतं."

"पटल्यावर?"

"बघायला येतात."

तिनं घागर कमरेवर घेतली. मग वरच्या आळीकडं बघत म्हणाली, "तिकडच्या बायकांना ह्यो हापसा लांब पडतोय. दुसरा पायजे हुता."

मी चौकशी केली. दुसऱ्या हापशासाठी दुसरा खड्डा लागतो. तो आम्ही मागच्या आठवड्यात खोदून ठेवला आहे. बाकी काही आमच्या हाती नव्हतं, म्हणून आबारावांच्या सांगण्यावरून मी हा मजकूर लिहून छापायला पाठवला.

आपण तो इथपर्यंत वाचलात. पटलाही असेल. नळदुर्गहून जळकोटच्या रस्त्याला लागलं की डाव्या हाताला खडकवाडीचा फाटा आहे. रविवारी या. येताना जेवण बरोबर आणा.