हरभऱ्यात उतरलेलं यान

आमचे प्रल्हादअण्णा पाहुण्याला चहा विचारायच्या आधी कचऱ्यावर बसवतात. घरात खुर्च्या आहेत, पण त्या भिंतीशी. पाहुण्याच्या नशिबी एक चौकोनी, काळपट, ठिपक्याठिपक्यांचं स्टूल येतं. तो नीट टेकला की अण्णा खाली बोट दाखवून सांगतात, "ही वरची फरशी दिवाळीची. चिवड्याच्या पिशव्या अन् साबणाचे कागद. तिच्याखालची भाच्याच्या लग्नाची. वास येयलाय का? न्हाई ना?"

अण्णा उदगीरच्या एका कॉलेजात प्रयोगशाळा सहायक होते. निवृत्त होऊन आमच्या ठाणाकुशनूरला परतले ते डोक्यात अंतराळयान घेऊनच. कुठल्याशा मासिकात त्यांनी वाचलं, की मंगळावर जाऊन यायचं तर दोन-अडीच वर्षं लागतात आणि तेवढ्या काळात यानातल्या माणसांचा कचरा यानातच राहतो. मग तो तापवायचा, त्यातलं पाणी काढून घ्यायचं, प्लास्टिक मऊ झालं की दाबून फरशा पाडायच्या आणि त्या भिंतीला लावायच्या, म्हणजे बाहेरचे घातक किरण अडतात. हे वाचून दुसऱ्या कुणी पान उलटलं असतं. अण्णांनी घरातली केराची बादली विकून टाकली.

तेव्हापासून त्यांचं एकच पालुपद: "वर दार उघडून फेकता येत न्हाई." भाजी घेताना, मयताला, लग्नात, कुठेही. गाव त्यांना कॅप्टन म्हणतं आणि त्यांना ते मनापासून आवडतं.

एकदा शाळेच्या हेडबाई त्यांच्याकडे गेल्या. सगळं ऐकून झाल्यावर त्यांनी दबकत विचारलं, "आणि अण्णा... सकाळचं?"

"तेबी कोरडं करायचं, दाबायचं अन् भिंतीला लावायचं," अण्णा गंभीरपणे म्हणाले. "किरणं अडायला लई चांगलं."

बाईंनी कप खाली ठेवला आणि आपण नक्की कशावर बसलोय ते उठून पाहिलं.

अण्णांचं यंत्र म्हणजे जाड पत्र्याची पेटी. खाली गवऱ्यांच्या निखाऱ्यांचा आर, वर ट्रकचा जुना जॅक, बाजूला ओल्या फडक्यात गुंडाळलेली नळी. नळीतून वाफेचं पाणी थेंब थेंब बाटलीत पडतं. कचरा जळू द्यायचा नाही, नुसता मऊ करायचा, यात त्यांची सगळी विद्या. माझं खतबियाण्यांचं दुकान आहे, आणि अण्णांची चेष्टा करणं हा माझा दुसरा धंदा. गावात करमणुकीची साधनं तशीही कमीच.

घरात अण्णा आणि त्यांची आई गिरजामाय, दोघंच. माय पंचायतीत झाडूकामाला. ऐंशीला टेकली, गुडघा वाकत नाही, पण काम सोडत नाही. लेकाची पेन्शन आहे म्हटलं तर म्हणते, "ती तुजी. माजे हात अजून हायेत की."

आता येळवस, म्हणजे मार्गशीर्षातली वेळ अमावास्या. आमचं शेत औरादच्या रस्त्याला लागून. त्या अमावास्येला कडब्याची कोप, म्हणजे खोपटं घालायचं, आत पाच दगडांचे पांडव पुजायचे आणि दिसेल त्याला जेवायला बसवायचं ही आमच्याकडची रीत. रस्त्याने जाणारा अनोळखी माणूससुद्धा ताकातली अंबिल आणि शेंगा-पालेभाज्यांची भज्जी घेतल्याशिवाय सुटत नाही. पूर्वी घरून ताटं नेत. आता कागदी ताटल्या, पाण्याचे पाऊच, कुरकुऱ्यांची पाकिटं, आणि जेवणानंतर माझ्यासारख्यांच्या गुटख्याच्या पुड्या. संध्याकाळी हरभऱ्याला पांढरी फुलं आल्यासारखं दिसतं. दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत रान साफ होतं. गिरजामाय टोपलं घेऊन यायची, हे मला ठाऊक होतं. तिला किती वेळ लागतो, हे मी कधी विचारलं नाही.

यंदा येळवशीच्या आधी अण्णा दुकानात आले. "बाबुराव, औंदा तुमचं रान यान करायचं. सूर्य मावळेस्तोवर आतला कचरा आतच. ज्याचा त्यानं आणायचा, ज्याचा त्यानं दाबायचा."

"लोक जेवायला येयलेत का कामाला?"

"मायचा गुडघा गेलाय. ती औंदा हरभऱ्यात वाकायची न्हाई." मग आवाज चढवून म्हणाले, "सूर्य मावळल्यावर एक पुडी जरी घावली तर मशीन भंगारात घालतो!"

"आणि नाही घावली तर?"

"तर दुसऱ्या दिवशी माय तुमच्याकडं पाहुणी म्हणून जेवती."

मी हसत होकार दिला. जिंकणार मीच, याबद्दल मला तिळमात्र शंका नव्हती.

येळवशीला अण्णांनी बांधावर पाटी लावली: 'यानात स्वागत. दार उघडणार नाही.' स्वतः गळ्यात शिट्टी घालून शेतात आणलेल्या यंत्रापाशी उभे. जेवून उठलेल्या पहिल्या माणसाने सवयीने ताटली भिरकावली आणि शिट्टी वाजली. अख्खं रान हसलं. दुसऱ्याला शिट्टी, तिसऱ्याला शिट्टी. पोरांना मजा वाटली, ती ताटल्या घेऊन धावली. पण मोठी माणसं ऐकेनात. "अण्णा, सणाच्या दिवशी कामून परेशान करायलाव?" म्हणत लोक हात झटकून निघू लागले, आणि मला पैज खिशात आल्यासारखी वाटली.

तेवढ्यात शरणप्पा जेवून उठले. पंचायतीचे माजी मेंबर, कडक इस्त्रीचे पांढरे कपडे, मागे चार माणसं. त्यांनी ताटली बांधावर टाकली आणि अण्णांकडे न बघता म्हणाले, "उचल की रे ते."

माझ्या हातातली वाटी हातातच राहिली.

अण्णा ताटलीजवळ गेले. वाकले नाहीत. दोन्ही हात मागे बांधून, कॉलेजातल्या साहेबाशी बोलावं तशा अदबीनं म्हणाले, "अप्पा, वर झाडूवाला नसतोय. वर कमांडरबी आपलं आपणच उचलतो. अन् ह्या यानात तुमच्यापेक्षा मोठं कोण हाय?"

शरणप्पांनी अण्णांकडे पाहिलं, मग आमच्या सगळ्यांकडे. कमांडर या शब्दाने त्यांची मान नकळत ताठ झाली होती. त्यांनी धोतर सावरलं, खाली वाकले आणि ताटली उचलली. "कुठं दाबायची?"

"हौ, हितं!" अण्णा ओरडले.

मेंबरांनी जॅकचा दांडा ओढला, तोही दोनदा, कारण पहिल्यांदा फोटो नीट आला नाही. मग काय! ज्याच्या त्याच्या हातात ताटली. रांग कोपीला वळसा घालून रस्त्यापर्यंत गेली. परवापर्यंत कॅप्टनला हसणारे लोक आता 'माझा नंबर आधी' म्हणून भांडत होते. बाटलीत पाणी साठलं तसं अण्णांनी ती उंच धरली: "बगा, तुमच्याच कचऱ्यातलं पाणी!" बायकांनी टाळ्या वाजवल्या. एकामागून एक गरम फरशा निघत होत्या आणि अण्णा त्या तान्ह्या पोरासारख्या कापडात घेत होते.

सूर्य हातभर उरला तेव्हा मी एकटाच हरभऱ्यात एखादी पुडी शोधत फिरत होतो, हरण्याची लाज वाटत असल्यामुळे. आणि घावली! रोपाच्या बुडाशी एक चकचकीत पुडी. मी विजयाने ती वर धरली. अण्णा आले, तिच्याकडे बघितलं, मग माझ्या सदऱ्याच्या फाटक्या खिशाकडे, जिथून तिची दुसरी बहीण डोकावत होती.

"सूर्य हाय अजून," एवढंच म्हणाले आणि जॅकचा दांडा माझ्या हातात दिला.

दुसऱ्या दिवशी सकाळी गिरजामाय टोपलं घेऊन आलीच. लेकाने सांगितलं होतं, पण तिचा विश्वास बसला नव्हता. एका बांधावरून दुसऱ्या बांधावर ती पाय ओढत गेली. एकही कागद नाही. परत आली तेव्हा घाबरलेली होती.

"मालक, माजं काय चुकलं का? दुसरं कुणी लावलं का कामाला?"

इतकी वर्षं हिने माझं रान साफ केलं आणि मी हिला पाण्याचा तांब्याही विचारला नव्हता. मला माझीच लाज वाटली. "काही चुकलं नाही माय," मी म्हणालो. "आज तुम्ही पाहुण्या आहात. बसा." कोपीपाशी चटई टाकली होती. बायकोने ताजी भाकरी केली होती. मी माझ्या हाताने भज्जी वाढली, अंबिल ओतली.

अण्णा पलीकडच्या बांधावर पाठ करून उभे होते. चष्मा पुसत होते, खूप वेळ. मी हाक मारली तरी आले नाहीत.

माय हळूहळू जेवली. मग पदराने तोंड पुसत त्या पाठीकडे बघून हसली.

"ल्हान हुता तवा माज्यासंगं टोपलं धरून येयाचा. म्हणायचा, माय, जितं कुणालाच दुसऱ्याचं उचलावं लागत न्हाई, तसल्या गावाला तुला नेतो." तिने रिकामं टोपलं बाजूला सारलं. "लई लांब निघालं बगा ते गाव. पर आणलं पोरानं हितं."