बुधवारचा हप्ता

विम्याचा कागद नुसता हातात द्या, खरा की खोटा ते मी डोळे मिटून सांगतो! भंडाऱ्याच्या एका विमा कचेरीत नऊ वर्षं कारकुनी केली आहे, चेष्टा नाही! त्यामुळे १९८२ च्या दिवाळीनंतर कानावर आलं, की कारध्यात कोणी एक जण म्हाताऱ्यांना 'दवाखाना फुकट'ची गुलाबी कार्डं विकत फिरतोय आणि माझी सख्खी आत्या कुंताबाईही त्याला फसली आहे, तेव्हा मी नव्या सायकलवर टांग टाकली आणि वैनगंगेचा पूल ओलांडला.

"आत्या, हा विमा खोटा हाय!" मी दारातूनच ओरडलो.

"आधी पाणी पे, भोजराज. आठ महिन्यानं आला तू."

तिच्या अंगठ्याला चिंधी होती. "हे काय झालं?"

"इळा लागला."

हप्ता होता दर बुधवारी पायलीभर तांदूळ! तो माणूस स्वतःला लाखनीचा म्हणवत होता, म्हणजे आत्याच्या माहेरचा. आता माहेरच्या माणसाला उंबऱ्यावरून कोण परत पाठवणार? पाट आला, चहा आला, पोहेही आले. आणि आता त्याला 'मोठ्या विम्या'साठी कोऱ्या कागदावर आत्याचा अंगठा हवा होता. तिच्या नावावर धानाच्या शेताची एकच बांधी होती, तीही गेली असती.

"येत्या बुधवारी मी लपून बसतो," मी म्हणालो. "तू त्याले आपल्या लाखनीच्या घरामागच्या चिंचेचं विचार."

ती चिंच तोडून सहा वर्षं झाली होती. काय डोकं चालवलं होतं मी!

बुधवारी सायकल कुंपणाला टेकवून मी धान साठवायच्या बांबूच्या उंच ढोलीमागे दबा धरून बसलो. खांद्याला झोळा लावून स्वारी आली.

"काहो भाऊ, आमची चिंच कशी हाय?"

"लदली हाय, माय! फांद्या जमिनीले टेकून राहिल्या. पोट्टे दिवसभर झोके घेतात."

"अन् तिच्याखालचा दगड?"

"तुम्ही ज्याच्यावर चिंचा फोडत होत्या तो? हाय ना तसाच!"

आत्याने पदराने डोळे टिपले.

"अंगठा बरा झाला काय, माय?"

"पुढच्या बुधवारी देईन."

देईन? मी ताडकन उठायला गेलो, तोच धानाची धूळ नाकात गेली. अशी शिंक आली, की ढोली आडवी झाली आणि मी धानाखाली! तो गडी कुंपणावरून उडी मारून पळाला. पायी नव्हे, माझ्या नव्या सायकलवरून!

"पाहिलं?" केसांतलं धान झटकत मी गरजलो. "ती चिंच तोडून सहा वर्षं झाली!"

"मले मालूम हाय," आत्या शांतपणे म्हणाली. "दादाच्या, तुया बाबाच्या, तेरवीले लाखनीले गेली तवा खुंट पाहिला मी."

"मग तांदूळ कायले देत होती?"

"दर बुधवारी तो ते झाड उभं करून देत होता. तुम्ही कोणी येता काय?"

"अन् अंगठा दिला असता तर?"

तिने चिंधी सोडली. अंगठा ठणठणीत होता! "एक महिना झाला बांधून. बरा झाला नाही तवर येत राहिला असता ना तो."

मला तिथल्या तिथे लाज वाटली. तिच्या माहेरचा खरा माणूस मी, आणि नुसता पूल ओलांडायला मला आठ महिने लागले होते.

आत्याने त्याच संध्याकाळी गावातल्या साऱ्या म्हाताऱ्यांची गुलाबी कार्डं गोळा करून चुलीत घातली. पुढच्या बुधवारी मात्र ती उगाच दारात बसून होती, असं शेजारच्या जनाबाईने मला सांगितलं.

तेव्हापासून दर बुधवारी मी जातो. पायीच जातो, कारण सायकल अजून सापडलेली नाही. आत्या पाट मांडते आणि विचारते, "चिंच कशी हाय रे?"

"लदली हाय, आत्या!" मी सांगतो.

निघताना ती पायलीभर तांदूळ पुढे करते. आणि मी, विमा कचेरीचा कारकून, तो निमूटपणे पिशवीत ओतून घेतो!