कपाटातला जिरेनियम

मुद्रितशोधकाने शर्ट काढायला कपाट उघडलं, तर आत जिरेनियमची कुंडी बसलेली. दोन शर्टांच्या मधून ते रोप त्याच्याकडे अशा काही नजरेने बघत होतं, की त्याला उगाचच 'सॉरी' म्हणावंसं वाटलं.

कुंडी तिथे कशी आली हे त्याला माहीत नव्हतं, असं मात्र नाही. आदल्या दिवशी जेवताना मुलीने फर्मान काढलं होतं. अकरावीतली मुलगी, जीवशास्त्र ऑलिंपियाडच्या चाळणी परीक्षेतून शाळेतली एकटी वर आलेली, आणि विभागीय फेरी तोंडावर. घरात सध्या तिचाच कायदा चालत होता.

"कुंडी दोन दिवस पूर्ण अंधारात राहणार. पानातला सगळा स्टार्च संपायला हवा. कपाटाला कोणी हात लावायचा नाही."

"आणि माझे शर्ट?"

"बाबा, तू घरीच असतोस. आहे तोच घाल."

हे खरं होतं. तो घरी बसून छापखान्याची प्रुफं तपासायचा. दिवसभर लोकांच्या चुका काढण्यावर पोट असल्यामुळे स्वभावाने अत्यंत मवाळ झाला होता. फर्मान त्याने ऐकलं होतं. पण ऐकणं वेगळं आणि आपल्या हाताने वाढवलेल्या रोपाच्या तोंडावर दार लावून घेणं वेगळं. मुलगी शाळेत, बायको ऑफिसात. त्याने कुंडी उचलून खिडकीतल्या उन्हात ठेवली, चार वाजता पुन्हा कपाटात नेली आणि दुसऱ्या दिवशीही तेच केलं.

मग मुलीने पान खुडलं, उकळलं, गरम पाण्यात ठेवलेल्या स्पिरिटमध्ये त्याचा हिरवेपणा घालवला आणि वर आयोडीन टाकलं. स्टार्च संपलेला असेल तर पान पिवळट राहायला हवं होतं. ते दौतीत बुडवल्यासारखं निळं-काळं झालं.

"आई, माझं काहीतरी चुकलंय."

"घराचा दवाखाना झालाय, एवढं मला वासावरून कळतंय," बायको म्हणाली.

बापाने तोंड उघडलं. पण मुलगी म्हणाली, "चुकलं असेल ते माझंच. पुन्हा करते." एवढ्या प्रांजळपणे कोणी चूक कबूल करत असताना मध्ये बोलणं बरं दिसत नाही, अशी त्याने स्वतःची समजूत घातली.

या खेपेला कपाट उघडायचंच नाही, असा त्याने निश्चय केला आणि तो सकाळी दहापर्यंत पाळला.

पान पुन्हा काळं. या वेळी मात्र मुलगी हिरमुसली नाही. तिचे डोळे चमकले.

"बाबा, हे झाड अंधारात स्टार्च बनवतंय!"

"असं कुठे होतं का गं?"

"पुस्तकात नाही होत. आपल्याकडे होतंय!"

संध्याकाळी तिचे जीवशास्त्राचे सर आले. उभ्या नोकरीत त्यांनी कोणालाही पैकीच्या पैकी दिले नव्हते आणि वर्गात ते हसल्याचं कोणी पाहिलं नव्हतं. त्यांनी पान दोनदा चष्म्यातून आणि एकदा चष्म्याशिवाय पाहिलं. कपाटाला फट असेल, असा त्यांना संशय आला. ते स्वतः शर्ट बाजूला सारून आत शिरले आणि दार लावून घ्यायला सांगितलं.

"मिट्ट काळोख आहे," आतून आवाज आला. "उघडा आता." आणि लगेच, "उघडताय ना?"

तरी शास्त्र म्हणजे शास्त्र. ते खिडकीतली जिरेनियमचीच दुसरी कुंडी आपल्या घरी घेऊन गेले आणि अडगळीच्या खोलीत ठेवली. तीन दिवसांनी बशीत एक पान घेऊन ते परत आले. पान काळं होतं.

"रविवारी तोंडी परीक्षेत तू हेच मांडायचंस," ते मुलीला म्हणाले. "परीक्षक उठून उभे राहतील."

बापाला ते परीक्षक डोळ्यांसमोर दिसले. उठून उभे राहिलेले, आणि मग पोट धरून हसणारे. मध्ये बशी घेऊन आपली मुलगी. त्याने घसा साफ केला.

"सर, ती कुंडी... मी रोज उन्हात ठेवत होतो."

"रोज?" मुलगी किंचाळली.

"रोज म्हणजे... दहा ते चार."

"दहा ते चार? झाड होतं की बँक?" बायको म्हणाली.

मुलीने बशी टेबलावर ठेवली आणि त्याच्याकडे पाठ केली. सर मात्र शांत होते.

"तुमची कुंडी बाद. पण माझी कुंडी माझ्या घरी होती. तिथे तुम्ही आला होतात?"

"नाही हो! शपथेवर सांगतो."

क्षणभर त्यालाही वाटून गेलं, की शोध खरंच लागलाय आणि आपण मधल्या मध्ये उगाच तोंडघशी पडलो.

"सर," बायकोने विचारलं, "तुम्ही शाळेत गेल्यावर घरी कोण असतं?"

"कोणी नाही. फक्त आई," सर म्हणाले, आणि वाक्य पुरं होता होता खुर्चीत बसले.

त्यांनी फोन लावला. फोन कानाला घट्ट धरला होता. पण आईंचा आवाज फोनवर अवलंबून नव्हता.

"तुझ्या कुंडीला मी कशाला हात लावू? दुपारची जरा गॅलरीत ठेवत होते, एवढंच. मुक्या जिवाला काळोखात कोंडायचं म्हणजे काय रे? विसरलास? सातवीत जाईपर्यंत दिवा लावून झोपायचास तू!"

सरांनी फोन ठेवला. मुलगी आयोडीनच्या बाटलीवरचं लेबल अत्यंत एकाग्रतेने वाचत होती.

त्यानंतर ती बापाशी बोलेना. "आई, बाबाला सांग, मीठ इकडे दे," इतपतच संबंध उरला. तयारीचे ऐन मोक्याचे दिवस त्या खोट्या शोधात गेले होते, आणि तिला राग यायला एवढं पुरेसं होतं. रविवारी तो न सांगताच तिच्या मागोमाग परीक्षा केंद्रावर गेला आणि बाहेरच्या बाकावर प्रुफं घेऊन बसला. आठ पानं वाचली, एकही चूक सापडली नाही. असं आजवर कधी झालं नव्हतं.

दुपारी ती बाहेर आली, त्याला बघून थबकली आणि बाकाच्या दुसऱ्या टोकाला बसली.

"काय विचारलं?" त्याने भीत भीत विचारलं.

"हाच प्रयोग."

त्याने हातातल्या प्रुफांची गुंडाळी केली.

"परीक्षक बाई म्हणाल्या, यात सगळ्यात महत्त्वाची खबरदारी कोणती? बाकीची मुलं म्हणे स्पिरिट आगीपासून लांब ठेवण्याबद्दल बोलली."

"आणि तू?"

"मी म्हटलं, कपाटाला कुलूप लावून किल्ली स्वतःजवळ ठेवावी. घरात मायाळू माणसं असतात."

"हसल्या का गं त्या?"

"हसल्या."

तो चपलांकडे बघत राहिला.

"मग त्यांनी पेन खाली ठेवलं," मुलगी त्याच्याकडे सरकत म्हणाली, "आणि विचारलं, 'तुमच्याकडे कोण? वडील?' मी म्हटलं, हो."

"मग?"

"म्हणाल्या, 'आमच्याकडे सासरे. माझी पीएच.डी. दोन वर्षं लांबली.'"