स्वतंत्र कप्प्यातली जागा

वॉशिंग मशीन आणि पाळणा यांच्या मधल्या जागेत एक रेकॉर्ड कंपनी सुरू झाली, तेव्हा ती स्वतंत्र असल्याबद्दल कुणालाच शंका नव्हती. अशा छोट्या कंपनीला धंद्यात लेबल म्हणतात. या लेबलच्या संस्थापक, संचालक, ध्वनिमुद्रक आणि सफाई विभागप्रमुख अशा सगळ्या पदांवर पिल्लूची आई एकटीच होती. पिल्लू अजून रांगत होतं. ध्वनिमुद्रण चालू असताना गप्प राहावं, एवढीच संस्थेची त्याच्याकडून अपेक्षा होती. ती त्याने कधीही पूर्ण केली नाही.

लेबलकडे गायिका एकच, आत्या. पिल्लूच्या आईची सख्खी आत्या. तरुणपणी ती थोरल्या कंपनीत मागच्या रांगेत गायची. थोरली कंपनी म्हणजे जिच्या मालकीचे रेकॉर्डचे कारखाने, गाण्यांची ॲप आणि बहुतेक लोकांची आवड आहे, ती. तिथे आत्याला वर्षानुवर्षं एकच सूचना मिळत गेली, "बाई, जरा मागे सरका, आवाज पुढे येतोय." एके दिवशी ती इतकी मागे सरकली की दारातून बाहेर पडली, आणि परत गेली नाही. आता तिचा एक कान पुरता गेला होता. दुसरा कानातल्या मशीनच्या जोरावर तग धरून होता, पण तोही फार दिवस साथ देणार नाही, असं डॉक्टरांनी सांगून टाकलं होतं. तो जायच्या आत आपला एकटीचा आवाज रेकॉर्डवर एकदा ऐकायचा, एवढंच आत्याला हवं होतं.

गाणी तर तयार होती. कपड्यांच्या कपाटात रजया लावून, आत्याला आत बसवून, दार ओढून घेऊन ती टेपवर घेतली होती. टेप ऐकवू का, असं विचारल्यावर मात्र आत्या उखडली. तिच्या काळात गाणारी माणसं कच्ची टेप ऐकत नसत. ऐकायची ती तयार रेकॉर्ड. "ओल्या रंगाच्या भिंतीला कुणी टेकून बसतं का गं? रेकॉर्ड येऊ दे, मग ऐकते."

पण कारखाना एकेक रेकॉर्ड काढून देत नाही, खोकी भरून काढतो, आणि ती खोकी आधी एखाद्या दुकानाने घ्यायला हवीत. दुकानदाराने टेप हातात न घेताच दोन कप्पे दाखवले. एकात थोरल्या कंपनीचा माल. तिथे जागा भाड्याने मिळे, आणि भाडं ऐकून पिल्लूच्या आईने तो कप्पा मनातून पुसून टाकला. दुसऱ्या कप्प्यावर पाटी होती, 'स्वतंत्र'. तिथे जागा फुकट, फक्त रेकॉर्डवर स्वातंत्र्य मंडळाचा गोल शिक्का हवा.

"आम्ही स्वतंत्रच आहोत," ती म्हणाली.

"ते तुम्ही कसं ठरवणार?" दुकानदार समजुतीच्या सुरात म्हणाला. "तुमचं तुम्हीच ठरवलंत तर तो पक्षपात झाला."

मंडळाचा तपासनीस स्वतःची घडीची खुर्ची आणि स्वतःच्या चहाचा थर्मास घेऊन आला. दुसऱ्याच्या खुर्चीत बसलं की निर्णयाला टेकू लागतो, असं त्याने नम्रपणे सांगितलं. पिल्लूच्या आईची झोप एका गोष्टीने उडाली होती, ती तिने आधीच कबूल करून टाकली. रेकॉर्ड छापणार तो कारखाना थोरल्या कंपनीचा होता.

"तो सगळ्यांचाच असतो," तपासनीस म्हणाला. "त्याला आम्ही हवामानात धरतो." मग त्याने घरभर नजर फिरवली आणि गंभीर झाला. घर कुणाचं? नवऱ्याचं. वीज कोण भरतं? नवरा. म्हणजे लेबल पूर्णपणे एका बाहेरच्या शक्तीच्या आधारावर उभं होतं. यावर उपाय एकच. त्या शक्तीने लेबलला अधिकृत विरोध करायचा. पिल्लूचा बाबा स्वभावाने गरीब. तो रोज जेवताना घसा साफ करून "मला हे अजिबात पसंत नाही" असं म्हणू लागला, आणि मग उठून भांडी घासू लागला. भांडी घासण्याने विरोध सौम्य होतो, अशी हरकत निघाल्यावर तो भांडी आपटून घासू लागला.

पुढच्या खेपेला सासूबाई सापडल्या. ध्वनिमुद्रणाच्या वेळी पिल्लूला त्याच सांभाळत, हे उघडकीला आलं. सासूबाईंनी मनाला लावून घेतलं. आधार देणं हा गुन्हा असेल तर राहिलं, म्हणाल्या, आणि तपासनीस असेपर्यंत पलीकडच्या खोलीत हाताची घडी घालून बसल्या. इकडे पिल्लू रडे, तिकडे त्या रडत. तपासनिसाने दोन्ही रडणी स्वतंत्र असल्याची खात्री करून घेतली.

त्याच दिवशी पिल्लू रांगत त्याच्या खुर्चीखाली गेलं आणि काहीतरी चाटू लागलं. पिल्लू काय तोंडात घालेल याची धास्ती त्याच्या आईला आठही प्रहर असायची, म्हणून तिने वाकून पाहिलं. खुर्चीच्या बुडाला पत्र्याची पट्टी होती, 'थोरली कंपनी, मालमत्ता विभाग'.

"खुर्ची त्यांची आहे," तपासनीस मुळीच न लाजता म्हणाला. "मंडळाची जागा त्यांची, माझा पगार त्यांचा. त्यांच्यावर अवलंबून राहण्याचा हा सगळा भार मंडळाने उचलला, म्हणून तर तुम्हाला स्वतंत्र राहता येतं."

तिला यावर काहीतरी बोलायचं होतं. पण आत आत्या मशीनची बॅटरी बदलत होती, आणि आताशा बॅटरी बदलूनही फारसा फरक पडत नव्हता. तिने पिल्लूची लाळ पुसली आणि त्याला खुर्चीखालून ओढून घेतलं.

मग श्रोत्यांचा विषय निघाला. कपाटातलं गाणं खालच्या मजल्यावर ऐकू जाई, म्हणून तिथल्या मास्तरांना तिने एकदा जिन्यात विचारलं होतं, आत्याचं कुठलं गाणं आवडलं म्हणून. मास्तरांनी दुसरं असं सांगितलं होतं. तपासनिसाने डोळे मिटले. श्रोत्याला आवडेल ते द्यायचं हे तर परावलंबनाचं शेवटचं टोक, तो म्हणाला. दुसरं गाणं रेकॉर्डच्या यादीतून काढलं गेलं. मास्तरांना बाकीचीही बरी वाटत असावीत, असा संशय तेवढा नोंदवला गेला.

शेवटी तपासनीस आत्यापाशी थांबला.

"लेबलकडे गायिका एकच?"

"हो."

"आणि उद्या त्या गायल्या नाहीत तर?"

पिल्लूच्या आईने आत्याच्या कानातल्या मशीनकडे पाहिलं. रात्रंदिवस ती तेवढाच विचार करत होती.

"एका बाईच्या गळ्यावर अख्खं लेबल लटकलेलं," तपासनीस हळहळला. "त्यांच्याशिवाय तुम्ही रेकॉर्ड काढू शकता, एवढं दाखवा. शिक्का माझ्या खिशातच आहे."

तिने खूप विचार केला आणि तो प्रत्येक पायरीवर बरोबर निघाला. आधी नमुन्यादाखल आत्याशिवायची रेकॉर्ड, मग शिक्का, मग आत्याची रेकॉर्ड. दुसरी गायिका शोधायला वेळ कुठला? तिने रिकाम्या कपाटाचं दार लावलं आणि आतल्या शांततेचं ध्वनिमुद्रण केलं. तपासनिसाने दोन्ही बाजू उभं राहून ऐकल्या. ऐकून झाल्यावर त्याने चष्मा पुसला. "इतकं स्वतंत्र काम माझ्या नोकरीत आलं नव्हतं," म्हणाला. शिक्का मिळाला, तो त्या शांततेच्या रेकॉर्डवर. कारखान्याने खोकी छापली, दुकानाने ती घेतली, आणि स्वतंत्र कप्पा बघता बघता रिकामा झाला.

लोकांनी रेकॉर्ड डोक्यावर घेतली. यात कुठलीच तडजोड नाही, असं सगळ्यांचं मत पडलं. जाणकारांचे दोन तट झाले. पहिली बाजू जास्त प्रामाणिक, असं एक तट म्हणे. दुसऱ्या तटाने दुसरी बाजू थोरल्या कंपनीच्याच ॲपवर ऐकली होती आणि ते तिच्या खोलीबद्दल बोलत.

आत्याची टेप घेऊन ती दुकानात गेली, तेव्हा दुकानदाराने तिला बसायला स्टूल दिलं, पण टेप परत केली. लेबलची एक ओळख झालीय, तिच्यात आता आवाज घुसडायचा म्हणजे गिऱ्हाईकाची फसवणूक, असं त्याचं म्हणणं. मंडळाचंही तेच पडलं. गाणं घातलंत तर लोकांना खूश करायला घातलंत असं दिसेल, आणि शिक्का काढून घ्यावा लागेल.

ती घरी आली तेव्हा आत्या प्लेअरसमोर बसली होती. कारखान्याकडून प्रती आल्या होत्या आणि कुणाला न विचारता आत्याने एक लावली होती. सुई फिरत होती. आत्याने मशीन काढलं, फुंकर मारली, परत लावलं. मग मान वळवून पिल्लूकडे पाहिलं. ते पाळण्यात भोकाड पसरून रडत होतं.

"हा रडतोय ते येतंय ऐकू," आत्या म्हणाली. "म्हणजे कान अजून आहे. मग मी कुठे आहे?"

पिल्लूच्या आईने सगळं सांगितलं. मशीनजवळ तोंड नेऊन, ओरडून, एकेक पायरी. शिक्का, कप्पा, नमुना.

आत्याने ऐकून घेतलं. "त्या कंपनीत मला मागे सरकवायचे. तू माझी भाची. तू दारच लावून घेतलंस."

 सासूबाईंनी पिल्लूला उचललं. तपासनीस नव्हता, तरी त्यांनी आधी दाराकडे बघितलं.

"लाव ती टेप," आत्या म्हणाली. "कच्ची तर कच्ची."

टेप लागली. आत्याने स्पीकरला कान टेकवला आणि हाताने खूण केली, अजून मोठं. पिल्लूच्या आईने बटण शेवटापर्यंत फिरवलं. भांडी आपटणारा पिल्लूचा बाबा थांबला. आत्या गात होती आणि आत्या ऐकत होती.

दुसरं गाणं अर्ध्यावर आलं असेल, तोच दार वाजलं. खालचे मास्तर होते. पायात सपाता, चेहऱ्यावर संकोच.

"वहिनी, जरा आवाज कमी करता का? आम्ही तुमची रेकॉर्ड ऐकतोय. दुसरी बाजू लागलीय."

शेजाऱ्यांना आपला त्रास होऊ नये, म्हणून पिल्लूची आई लग्न होऊन आल्यापासून जपत आली होती. हात आपोआप बटणाकडे गेला. आवाज खाली आला. आत्या आणखी पुढे सरकली आणि स्पीकरच्या जाळीवर तिने गाल दाबून धरला.

मास्तर आभार मानून जिना उतरले. ते काय चाललं होतं, कोण गात होतं, काय गात होतं, हे त्यांनी विचारलं नाही. दुकानदाराने विचारलं नव्हतं, तपासनिसाने विचारलं नव्हतं. आणि लेबल स्वतंत्र आहे की नाही याचा आमच्याबरोबर एवढा वेळ काथ्याकूट करून, आत्या काय गात होती ते, वाचकहो, तुम्ही तरी कुठे विचारलंत?